शून्य बरोबर शून्य

दुसऱ्या सेमिस्टरच्या कॅल्क्युलसमध्ये मी पहिल्याच चाचणीत आपटलो. पहिल्या सेमिस्टरला बरे गुण पडले होते, त्यामुळे जरा हवेतच होतो. गणित होतं एक्स इंटू ई रेज टू एक्स स्क्वेअर याच्या इंटिग्रेशनचं, म्हणजे डेरिव्हेटिव्हवरून (बदलाच्या दरावरून) मूळ फंक्शन शोधायचं. गुणाकार दिसला की बाय पार्ट्स (एका भागाला यू मानून दुसऱ्याचं इंटिग्रेशन करत तुकड्यांनी सोडवायची रीत), म्हणून सुटलो. एक्सला यू मानलं आणि उरलेल्या ई रेज टू एक्स स्क्वेअरशी झुंजत दीड पान भरवलं. पेपर परत मिळाला तेव्हा समासात सरांचं एकच वाक्य होतं : 'हे कोणालाच जमणार नाही.'

मला तो टोमणा वाटला. पण ते शब्दशः खरं होतं! नुसत्या ई रेज टू एक्स स्क्वेअरचं इंटिग्रेशन आपल्या ओळखीच्या साइन-कोसाइन, लॉग, घात, मुळं यांची कशीही मोट बांधली तरी लिहिताच येत नाही. १८३० च्या दशकात लिऊव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने हे कधी जमतं आणि कधी नाही याचा सिद्धांतच मांडला. आणि मूळ गणित? एक्स स्क्वेअरला टी माना, दोन ओळींत खेळ खलास.

सगळे म्हणतात, या विषयात फॉर्म्युले फार. मला नाही पटत. फॉर्म्युले पाठ होतात हो. डेरिव्हेटिव्हला नियम लावत गेलं की उत्तर येतंच, इंटिग्रेशनला आधी नियम निवडावा लागतो, आणि निवडायला कोणी शिकवतच नाही. पार्शल फ्रॅक्शनच्या (अपूर्णांकाचे सोपे तुकडे करायच्या रीतीच्या) स्वाध्यायातली तीसच्या तीस गणितं पार्शल फ्रॅक्शननंच सुटणार, मग डोकं चालवायचं कुठे? परीक्षेत वर मथळा छापलेला नसतो.

चाचणीनंतर मी सगळ्या धड्यांतली गणितं चिठ्ठ्यांवर उतरवली, पिसली, आणि प्रत्येकाची फक्त पहिली पायरी लिहायची ठरवली. सोडवायचं नाही. दोन आठवड्यांत नजर बसली. (सोडवायला आता सॉफ्टवेअर आहेच. त्याच्याशी स्पर्धा करण्यात मला रस नाही.)

तरी एका चिठ्ठीनं रडवलं. ई रेज टू एक्स इंटू साइन एक्स. दोनदा बाय पार्ट्स केलं की सुरुवातीचंच इंटिग्रल उलट्या चिन्हानं समोर येतं, ते डावीकडे न्यायचं, दोननं भागायचं. पहिल्यांदा कळलं तेव्हा जादूच वाटली. पण मी दुसऱ्या खेपेला यू बदलला आणि केलेलंच सगळं उलटं फिरवलं. शेवटच्या ओळीत आलं, शून्य बरोबर शून्य. चूक कुठे आहे ते शोधत बसलो होतो. चूक नव्हतीच, नुसता जाऊन परत आलो होतो.

मग सिरीज, म्हणजे न संपणाऱ्या पदांच्या बेरजा, येतात आणि विषयच बदलतो. तोवर प्रश्न असतो 'उत्तर किती'. इथे प्रश्न 'उत्तर आहे तरी का'. वर्गातली निम्मी मुलं इथे गळतात, कारण हा बदल कोणी मोठ्यानं सांगत नाही. पदं शून्याकडे चाललीत, म्हणजे बेरीज कुठेतरी थांबणारच, असं मलाही वाटायचं. १ + १/२ + १/३ + १/४... ही हार्मोनिक सिरीज पाहा. दहा लाख पदांना बेरीज जेमतेम १४.३९, शंभर कोटींना २१.३. कॉम्प्युटरवर पाहिलंत तर थांबलीच म्हणाल. पण १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त, पुढची चार पदं मिळून अर्ध्याहून जास्त, पुढची आठ तशीच. अर्धे-अर्धे कधी संपतच नाहीत. ही युक्ती चौदाव्या शतकातल्या ओरेम या फ्रेंच विद्वानाची, कॅल्क्युलसच्या कितीतरी आधीची.

आणि विषम छेदांचीच पदं घेऊन एकाआड एक वजा केली की? १ - १/३ + १/५ - १/७... ही थांबते, चक्क पाय (π) भागिले चारवर. कॅल्क्युलसच्या जनकांपैकी एक असलेल्या लाइबनिट्झच्या अडीचशे-तीनशे वर्षं आधी केरळातल्या माधव या गणितज्ञाला हे ठाऊक होतं. चाल मात्र गोगलगायीची : १०० पदं घेऊन चौपट केली तर ३.१३१६, दुसराच दशांश चुकलेला.

फायनलला हीच सिरीज आली. कन्व्हर्ज होते का, म्हणजे बेरीज एका आकड्यावर थांबते का, एवढंच विचारलं होतं. अधिक-वजा आलटून-पालटून येणाऱ्या सिरीजची अल्टरनेटिंग टेस्ट लावली, 'होते' लिहिलं, आणि कोणी विचारलं नसताना खाली पाय भागिले चारही लिहून आलो. त्याचे गुण नव्हते.