बरा फोटो

गच्चीवर वाचत बसलेल्या वडिलांचा, मोबाइलवर काढलेला एक बरा फोटो माझ्याकडे होता आणि तो बराच राहू दिला असता, तर ही हकीकत लिहिण्याची वेळ आली नसती. त्याला जुन्या फिल्मचा रंग चढवावा, अशी बुद्धी मला रात्री नऊ वाजता झाली. आदर्श ठेवला तोही थेट कोडाक्रोमचा. १९३५ साली आलेल्या आणि २००९ साली उत्पादन थांबलेल्या या फिल्ममध्ये रंग मुळात नसतच. ते डेव्हलप करताना रसायनांतून येत आणि ही प्रक्रिया इतकी किचकट होती की ती घरी करण्याचे धाडस सहसा कोणी करत नसे. मी मात्र ते चार स्लायडरांवर उरकायला बसलो होतो.

फिल्म प्रकाशाला सरळ रेषेत प्रतिसाद देत नाही. अतिगडद आणि अतिउजळ भागांत तिची रेषा वाकते, म्हणून कर्व्हला, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये फोटोतला उजेड-अंधार ठरवणाऱ्या रेषेला, इंग्रजी 'एस'चा आकार द्यायचा असतो. माझा आकार नागमोडी झाला आणि वडिलांच्या कपाळावर भर दुपार, तर हनुवटीखाली मध्यरात्र अवतरली. मग काळा रंग जरा फिका करावा म्हणून कर्व्हचे खालचे टोक उचलले, तेव्हा पत्नीने जाता जाता फडक्याने स्क्रीन पुसला.

ग्रेनचे, म्हणजे फिल्मवर दिसणाऱ्या बारीक कणांचे, प्रकरण त्याहून नाजूक निघाले. रंगीत फिल्ममधली चांदी प्रक्रियेत काढून टाकतात आणि तिच्या जागी रंगाचे सूक्ष्म ढग उरतात. मध्यम छटांत ते जाणवतात, शुभ्र भागात जवळजवळ नाहीसे होतात. माझ्या सॉफ्टवेअरला हा भेदभाव मान्य नसावा. त्याने पांढऱ्या सदऱ्यावर आणि टकलावर सारख्याच निष्पक्षपणे वाळू पसरली. चष्म्यावरच्या चमकेभोवती हॅलेशनचे, म्हणजे फिल्मवर प्रखर उजेडाभोवती उमटते तसे, तांबूस वलय आणले, तर वडिलांचे डोळे आल्यासारखे दिसू लागले.

एवढे होऊनही चेहरा पिवळटच दिसत होता, म्हणून मी एक वाजेपर्यंत त्यात निळा रंग ओतत राहिलो. संध्याकाळ झाली की स्क्रीन आपोआप पिवळट करणारा रात्रीचा मोड चालू होता, हे सकाळी निळेशार वडील पाहिल्यावर लक्षात आले.

ऐन तारुण्यात असंख्य रोल संपवलेल्या वडिलांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, "मुदत संपलेला रोल वापरलास का रे?"

फिल्मचा भास साधल्याची ती एकमेव पावती मी निमूटपणे स्वीकारली.