दम लागला तरी थांबू नका? थांबा!

सर्दीतापाची साथ ओसरली की पणजी-फोंड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. सार असं: व्हायरलनंतरची चक्कर नि धडधड हा मनाचा खेळ, गोळ्या बंद करा, सकाळी उपाशीपोटी मिरामारच्या किनाऱ्यावर धावा, जोरात कपालभाती करा, दम लागला तरी थांबू नका, घामाबरोबर भीतीही जाईल. व्यायामाने चिंता कमी होते हे खरंच आहे, म्हणून मेसेज पटतो. बाकीचं मात्र अंगाशी येणारं आहे.

आधी तो ‘मनाचा खेळ’. विषाणूमुळे कानातल्या तोलाच्या नसेला सूज आली तर घर गरगरतं, ओकाऱ्या होतात. कानातले सूक्ष्म खडे जागचे हलले तर कूस बदलताना काही सेकंद भोवंडतं. आणखी एक प्रकार असा, की उभं राहिलं की डोकं हलकं होतं नि नाडी पळू लागते. आडवं पडून नाडी मोजा, मग उभं राहून दहा मिनिटं मोजत राहा. मोठ्या माणसात ठोके ३० किंवा त्याहून अधिक वाढत असतील आणि असं वारंवार होत असेल, तर तो आकडा लिहून डॉक्टरांना दाखवा. छाती अशी धडधडल्यावर कोणीही घाबरेल. भीतीने धडधड आणखी वाढते हेही खरं, पण म्हणून सुरुवात मनातूनच झाली असं होत नाही.

या नाडीवाल्यांना उपाशीपोटी धावायला लावणं म्हणजे कहरच. उभ्याने रक्त पायांकडे उतरतं, त्यात आपल्याकडची दमट हवा अंगातलं पाणी नि मीठ घामावाटे काढून घेते. यांचा व्यायाम आडव्याने किंवा बसून सुरू होतो: पाठीवर पडून पाय उचलणं, टेकून बसायची सायकल. आणि आधी पोटात काहीतरी हवंच. उकड्या तांदळाची पेज, चवीपुरतं मीठ, सोबत लोणच्याची फोड. आजारातून उठलेल्याला आपल्या घरांत हेच देतात आणि इथे ते अगदी योग्य आहे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारून.

कपालभातीशी माझं भांडण नाही, घाईशी आहे. भराभर श्वास फेकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. आधीच घाबरलेल्याला वाटतं, अ‍ॅटॅकच आला. त्यापेक्षा चार मोजत नाकाने श्वास घ्या, सहा मोजत सोडा.

‘दम लागला तरी थांबू नका’ हे सगळ्यांत घातक. व्हायरलनंतर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. तशात जोर लावला तर जिवावर बेततं. छातीत दुखलं, शुद्ध हरपली, जीभ अडखळली किंवा एक बाजू लुळी पडली, तर १०८ लावा. काहींचं दुखणं वेगळंच: आज चालून बरं वाटतं आणि एक-दोन दिवसांनी अंग पार गळून जातं. अशा दीर्घ थकव्याच्या आजारात व्यायाम ठरावीक मापाने वाढवत नेण्याची शिफारस ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१मध्ये मागे घेतली. बाकीच्यांसाठी साधी खूण: चालताना सलग वाक्य बोलता आलं पाहिजे.

त्याच मेसेजखाली कोणी काकी लिहितातच, ‘पडून राहा रे, मान हलवू नको.’ कानाच्या चक्करेत हेही चूक. उलट्या थांबल्या की हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा, नजर नखावर ठेवून मान डावी-उजवीकडे फिरवा. नख धूसर होऊ लागलं तर वेग कमी करा. सुरुवातीला बसून, मग भिंतीपाशी उभं राहून. थोडं गरगरेल, ते गरगरणंच मेंदूला नवा तोल शिकवतं. चक्करेच्या गुंगीच्या गोळ्या दोन-तीन दिवसांपलीकडे घेत राहिलात तर हे शिकणं लांबतं. खड्यांची चक्कर मात्र डोकं विशिष्ट क्रमाने वळवून बऱ्याचदा एका बैठकीत जाते. ती कृती जाणकाराकडूनच करून घ्या.

राहिलं ‘गोळ्या बंद करा’. रक्तदाबाच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर त्यानेच धडधड होते, चक्कर येते. कमी करायच्याच असतील तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने.