नोंदणी वाढली, पण रुग्णालयात कोण आहे?
डिसेंबर 2022 अखेर देशात 33.41 लाख परिचर्या कर्मचाऱ्यांची नोंदणी झाली होती, म्हणून परिचारिकांचा तुटवडा कमी होत आहे, हा परिचारिकांच्या संख्येवरील एका लेखातील निष्कर्ष मला घाईचा वाटतो. हा आकडा परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या राज्य परिचर्या परिषदांच्या नोंदवह्यांची बेरीज आहे आणि त्या वह्यांमध्ये नाव चढते सहज, उतरते क्वचितच. निवृत्त झालेल्या, आखातात किंवा ब्रिटनमध्ये गेलेल्या, लग्नानंतर काम सोडलेल्या परिचारिकाही त्यात राहतात. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) म्हणून नोंदणी झालेली एखादी ताई पुढे जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसविका अभ्यासक्रम) करून नव्याने नोंदणी करते, किंवा केरळची परिचारिका ना हरकत प्रमाणपत्र घेऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे येते, तेव्हा जुनी नोंद वगळली गेली नाही तर एकच व्यक्ती दोनदा मोजली जाते. ब्रिटनमध्ये दरवर्षी शुल्क आणि दर तीन वर्षांनी किमान 450 तासांच्या कामाचा पुरावा द्यावा लागतो, त्यामुळे तिथला आकडा वास्तवाच्या बराच जवळ असतो. आपल्याकडेही नूतनीकरणाचा नियम आणि राष्ट्रीय ऑनलाइन नोंदवही आहे. निदान नूतनीकरण केलेल्यांचा आकडा लेखात वेगळा द्यायला हवा होता. प्रसविकांचे, म्हणजे बाळंतपण करणाऱ्या परिचारिकांचे, तर विचारूच नका: जीएनएम झालेली प्रत्येक जण कागदोपत्री प्रसविकाही असते, मग तिने वर्षानुवर्षे फक्त अतिदक्षता विभागातच काम केलेले का असेना.