खोटं न बोलता फसवावं कसं

सरळ खोटं बोलणं हा अडाण्यांचा उद्योग. ते पकडलं जातं, त्यावर दावा ठोकता येतो. तुम्ही नेहमी खरंच बोला, फक्त अर्धं. जाहिरातीत ‘७० टक्क्यांपर्यंत सूट’ असं छापा. ‘७०’ हत्तीएवढा, ‘पर्यंत’ मुंगीएवढं. दोनशे वस्तूंपैकी मोज्यांच्या एका जोडीवर ७० टक्के सोडा, बाकीच्यांवर ५. व्याकरणात ‘पर्यंत’ हे साधं शब्दयोगी अव्यय असेल, पण धंदा आणून देतं ते तेच.

गुंतवणूकदारांपुढे जाताना आलेख हवाच. समजा विक्री ९७ वरून ९९ वर गेली. म्हणजे वाढ जेमतेम दोन टक्के. उभा अक्ष शून्यापासून घेतलात तर दोन्ही खांब जुळ्या भावांसारखे दिसतील. तो ९६ पासून घ्या. आता पहिला खांब एक घर, दुसरा तीन घरं. डोळ्यांना तिप्पट! आकडे मात्र बारीक टाइपात बरोबर लिहा, उद्या कुणी विचारलं तर दाखवायला. आणि विक्री घटलीच असेल, तर महिन्याची दाखवूच नका, ‘आजवरची एकूण विक्री’ दाखवा. ती रेघ खाली येतच नाही. माल खपायचा थांबला तरी फार तर आडवी होते. सभेत एखादा खडूस अक्षाच्या तळाकडे टक लावून बघतो. त्याने चष्मा पुसायला घेतला की स्लाइड बदला.

चूक कबूल करायची वेळ आली, तर आधी कर्ता गायब करा. ‘आम्ही तुमची माहिती नीट सांभाळली नाही’ यात ‘आम्ही’ सापडतो. त्याऐवजी ‘काही ग्राहकांची माहिती बाहेर गेल्याचे निदर्शनास आले आहे’. कोणी घालवली, कोणाच्या निदर्शनास आलं, काही पत्ता नाही. ‘काही’ म्हणजे तीनही आणि तीस लाखही. पत्रक शुक्रवारी संध्याकाळी सोडा.

एवढं करूनही घरातलंच कुणीतरी लेखी तक्रार करतं. एन्रॉन या अमेरिकेतल्या बड्या ऊर्जा कंपनीत ऑगस्ट २००१ मध्ये शेरॉन वॉटकिन्स यांनी हिशेबातल्या गडबडीबद्दल थेट अध्यक्ष केनेथ ले यांना पत्र लिहिलं. काही दिवसांतच कंपनीला वकिलांचा सल्ला मिळाला, कशाबद्दल? तर तक्रार करणाऱ्याला नोकरीवरून काढलं तर कायद्याने काय होऊ शकतं, याबद्दल. प्राधान्यक्रम शिकावा तो असा. हिशेब काय, नंतरही बघता येतो. डिसेंबरात दिवाळखोरीच्या न्यायालयाने बघितलाच.

आचारसंहिता मात्र जरूर छापा, जाड कागदावर, अध्यक्षांच्या सहीनिशी. एन्रॉनची जुलै २००० ची होती, चांगली ६४ पानांची. कंपनी बुडाल्यावर तिच्या प्रती ऑनलाइन लिलावात विकायला आल्या. तेव्हा तुमच्याही थोड्या जास्त छापून ठेवा, आणि पानं दुमडू देऊ नका.