ऊन पडलं म्हणजे उतार सुरक्षित झाला? गुलमर्गबद्दल फिरणाऱ्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

जानेवारी उजाडला की काश्मीरला निघालेल्यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये गुलमर्गच्या बर्फाबद्दल एक सल्ला फिरू लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, गाभा तोच राहतो. हिमस्खलन बर्फ पडत असतानाच होतं, म्हणून बर्फ थांबून ऊन पडलं की बिनधास्त वर जा. फोनमध्ये हवामान बघा, सूर्याचं चित्र दिसलं की झालं. ज्या वर्षी बर्फ कमी, त्या वर्षी काळजीच नको. गोंडोला, म्हणजे वर नेणारी केबल कार, चालू असेल तर वरचा भाग तपासलेलाच असतो. आधीच्या लोकांच्या स्कीच्या खुणा असतील तिथून उतरा. वर आरडाओरडा करू नका. आणि काही झालंच, तर लष्कर आहेच.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. पण महाराष्ट्रातून स्कीइंग शिकायला गुलमर्गला जाणारी तरुण मुलं हे वाचतात आणि पहिला कोर्स संपला की त्याच भरवशावर, तपासलेल्या भागाची हद्द दाखवणाऱ्या दोरीपलीकडच्या उतारांवर उतरतात. म्हणून हा सल्ला मुद्द्यामुद्द्याने खोडून काढणं मला गरजेचं वाटतं.

सगळ्यात घातक आहे तो पहिला मुद्दा, ऊन पडलं की धोका संपला हा. ३० जानेवारी २०२३ आठवून पाहा. त्या दिवशी श्रीनगरमध्ये भारत जोडो यात्रेचा समारोप भर बर्फात झाला होता. ती दृश्यं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. त्याच झंझावातात गुलमर्गवरही जोरदार बर्फ पडला. मग तो थांबला. आणि १ फेब्रुवारीला गुलमर्गच्या वरच्या अफरवट शिखराच्या हापतखुड भागात हिमस्खलन झालं. पोलंडचे दोन स्कीअर त्यात गेले, आणखी एकोणीस परदेशी स्कीअरना बाहेर काढावं लागलं. झंझावात येऊन गेल्यावर, लोक वर पोचल्यावर हे घडलं.

असं का होतं, हे समजून घ्यायला हवं. जोराचा बर्फ पडत असताना काही उतार स्वतःच्या भाराने आपोआप सुटतात. सल्ल्यात तेवढं खरं आहे. पण जे उतार सुटत नाहीत, ते सुरक्षित झालेले नसतात. नवा बर्फ खालच्या जुन्या थराला धरायला वेळ घेतो, आणि तोवर त्याला स्वतःचं वजन जेमतेम पेलत असतं. त्यावर एका माणसाचा भार पडला तरी एखादा नाजूक थर मोडतो, तडा क्षणात आडवा पसरत जातो आणि वरचा सगळा थर एकसंध स्लॅबसारखा सुटतो. हिमस्खलनाने जीव गेलेल्या अपघातांपैकी सुमारे नव्वद टक्के अपघातांत ते स्खलन बळी पडलेल्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कोणीतरी सुरू केलेलं असतं. आकाश मोकळं होताच माणसं वर जातात, म्हणूनच बर्फवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस सगळ्यात वाईट.

शिवाय आकाश मोकळं झालं तरी वारा थांबत नाही. झंझावात सरकून गेल्यावर अफरवटच्या धारेवर वारं वाहतच राहतं. धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून ते दुसऱ्या, आडोशाच्या अंगाला नेऊन टाकतं. अशा उतारावर बर्फ आकाशातून पडण्याच्या दहापट वेगानेही साचू शकतो. म्हणजे वर निळं आकाश, एक कण पडत नाही, आणि तरीही समोरच्या उतारावरचा भार तासातासाला वाढतो आहे. धारेवरून बर्फाचा धुरळा उडताना दिसला तर फोटो जरूर काढा, पण त्याच्या खालच्या उतारावर जाऊ नका.

आता फोनचं हवामान. गुलमर्ग असं टाकलं की फोन जे दाखवतो ते साधारण गुलमर्गच्या मैदानाचं असतं, उंची २,६५० मीटर. गोंडोलाचा दुसरा टप्पा तुम्हाला सोडतो तो ३,९५० मीटरच्या आसपास. या तेराशे मीटरमध्ये तापमान साधारण आठ अंशांनी उतरतं. खाली उणे दोन असेल तर वर उणे दहा. वाऱ्याचा तर काही मेळच नसतो. पण खरी अडचण आकड्यांची नाही. समजा, धारेचा अंदाज अगदी अचूक मिळाला, तरी तो पुढे काय पडणार एवढंच सांगेल. हिमस्खलन ठरतं ते डिसेंबरपासून जमिनीवर काय साचत आलं आहे त्यावरून. ते फोनला दिसत नाही. त्यासाठी बर्फात खड्डा खणून थर पाहावे लागतात, ते कोणत्या ताणाला मोडतात हे तपासावं लागतं.

हे काम करणारी संस्था आपल्याकडे आहे. डीआरडीओची डीजीआरई ही चंडीगडची प्रयोगशाळा हिमालयातल्या हिमस्खलनाच्या धोक्याचे इशारे देते. पूर्वी हे काम मनालीला सुरू झालेली ‘सासे’ ही संस्था करायची. २०२० मध्ये तिचं विलीनीकरण होऊन डीजीआरई झाली. जम्मू-काश्मीरचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण हे इशारे लोकांपर्यंत पोचवतं. इशाऱ्यात जिल्हा असतो, किती उंचीच्या वर धोका आहे ते असतं, आणि मुदत बहुधा पुढच्या चोवीस तासांची. गुलमर्गला जाणाऱ्यांनी बारामुल्ला जिल्हा बघायचा. पण हा इशारा आख्ख्या जिल्ह्याचा आहे, तुमच्या पायाखालच्या उताराचा नाही, हे लक्षात ठेवून वाचायचा. आणि ‘मध्यम’ हा शब्द दिसला की सुटकेचा श्वास सोडायचा नाही. युरोपात धोक्याच्या पाच पायऱ्या मानतात, आणि आल्प्समध्ये सर्वाधिक जीव जातात ते मधल्या, तिसऱ्या पायरीला. चौथ्या-पाचव्या पायरीला लोक वर जातच नाहीत.

कमी बर्फाचं वर्ष सुरक्षित, हा मुद्दा ऐकायला अगदी तर्कशुद्ध वाटतो आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. प्रत्यक्षात पातळ बर्फ हाच नाजूक थराचा कारखाना आहे. बर्फाखालची जमीन थंडीतही शून्य अंशाच्या जवळपास असते. बर्फाचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री भयंकर गार होतो. थर जाड असेल तर हा फरक दीड-दोन मीटरमध्ये विभागला जातो. तोच थर चाळीस सेंटिमीटरचा असेल, तर तेवढ्याशा जाडीत तापमानात दहा-पंधरा अंशांचा फरक पडतो. दर दहा सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडला की बर्फाच्या आतली वाफ वरच्या दिशेने सरकू लागते, आणि एकमेकांत गुंतलेल्या कणांचे कोनेदार, सुटे दाणे होतात. हातात घेतले तर साखरेसारखे ओघळून जातात, चेंडू वळत नाही. चिल्ले कलानच्या, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडाक्याच्या थंडीत, आकाश दिवसेंदिवस कोरडं राहिलं की नेमकी हीच परिस्थिती तयार होते. आपण म्हणतो, यंदा बर्फच नाही. आणि तेव्हा पर्वत पुढच्या मोठ्या बर्फवृष्टीसाठी घसरता पाया रचत असतो.

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ बोडकं होतं. तपकिरी मैदानाचे फोटो देशभर फिरले, पर्यटकांनी बेत रद्द केले. नंतर झंझावात आले आणि फेब्रुवारीत बर्फ साचला. २१ फेब्रुवारीला तिथे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा सुरू झाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी खिलनमर्गला हिमस्खलन झालं. एक रशियन स्कीअर मरण पावला, त्याच्याबरोबरच्या इतरांना वाचवण्यात आलं. त्या हंगामाची सुरुवात बर्फाच्या दुष्काळाने झाली होती. कमी बर्फाच्या वर्षी निर्धास्त राहा असं सांगणाऱ्यांनी हा क्रम एकदा डोळ्यांसमोर आणावा.

खिलनमर्गबद्दल आणखी थोडं, कारण गोंडोलाचा मुद्दा त्याच्याशी जोडलेला आहे. उन्हाळ्यात घोड्यावर बसून आपण जिथे जातो तेच हे कुरण. दिसायला मोकळं, फारसं उताराचंही नाही, त्यामुळे भीती वाटत नाही. पण ते अफरवटच्या उतारांच्या पायथ्याशी आहे. बहुतेक स्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतात आणि सुटलेला बर्फ सपाटीवर येऊन थांबतो. तुम्ही सपाटीवर उभे असलात तरी डोक्यावर काय आहे ते बघावं लागतं. ८ फेब्रुवारी २०१० ला याच खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचं प्रशिक्षण चालू असताना स्खलन आलं आणि सतरा जवान गेले. बर्फात लढायला शिकवणारी देशातली सर्वोत्तम संस्था ती.

तर गोंडोला. पहिला टप्पा १९९८ चा, कोंगडोरी या मधल्या थांब्यापर्यंत. दुसरा २००५ चा, अफरवटच्या खांद्यापर्यंत. गोंडोला चालू आहे याचा अर्थ यंत्र ठीक आहे आणि वारा मर्यादेत आहे. वर उतरल्यावर समोरचा ठरावीक भाग गुलमर्गचं स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवरचं गस्ती पथक, सांभाळतं. गरज पडली तर स्फोट घडवून उतार मोकळा करतं, दोऱ्या लावतं, भाग बंद ठेवतं. हे काम मोलाचं आहे आणि त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. पण त्यांची हद्द संपते तिथे दोरी असते, आणि दोरीपलीकडे कोणी काही तपासलेलं नसतं. हापतखुड पलीकडेच येतं. गुलमर्गचा मोह असा की गोंडोलातून उतरून धारेवरून थोडं डावी-उजवीकडे चाललं की माणूस पूर्ण जंगली पर्वतात पोचतो, आणि केबिन मात्र दिसत राहते. ती दिसते म्हणून मनाला उगाच सुरक्षित वाटतं.

स्कीच्या खुणांवर विश्वास ठेवायचा का? नाही. त्या खुणा एवढंच सांगतात की कोणीतरी त्या रेषेवरून, त्या वेळी, निसटलं. नाजूक थर सगळीकडे सारख्या खोलीवर नसतो. जिथे वरचा बर्फ पातळ आहे, खडकाजवळ किंवा उतार जिथे फुगतो तिथे, भार खालपर्यंत पोचतो. नऊ जण जाड बर्फावरून सुखरूप उतरतात आणि दहावा दोन मीटर बाजूला पातळ जागी वळतो.

ओरडण्याचा मुद्दा दोन वाक्यांत. माणसाच्या आवाजाचा दाब इतका किरकोळ असतो की त्याने स्खलन सुटत नाही. उलट संकटात गप्प राहण्याची सवय घातक आहे. बर्फ सुटताना दिसला तर जीव तोडून ओरडा, म्हणजे खालच्यांना कळेल.

राहिला लष्कराचा भरवसा. लष्कर, पोलीस, स्की पेट्रोल आणि गुलमर्गची स्थानिक मुलं, सगळे धावून येतात. प्रत्येक दुर्घटनेत आले आहेत. प्रश्न त्यांच्या तयारीचा नाही, मिनिटांचा आहे. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहांपैकी नऊ वाचतात. अर्ध्या तासाने तिघांपैकी एक उरतो. थांबलेला बर्फ इतका घट्ट बसतो की आतला माणूस बोटही हलवू शकत नाही, आणि त्याचाच उच्छ्वास त्याला गुदमरवतो. खालून निघालेलं कोणतंही पथक दहा मिनिटांत हापतखुडला पोचू शकत नाही. वाचवू शकतात ते फक्त शेजारी उभे असलेले सोबती, तेही त्यांच्याकडे साधनं असतील तर. प्रत्येकाच्या अंगावर चालू असलेला बीकन (गाडला गेलेला माणूस कुठे आहे ते सांगणारं रेडिओ यंत्र), पाठपिशवीत प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं, आणि ते वापरायचा सराव. गटात एकाकडेच बीकन असेल आणि तोच गाडला गेला, तर त्याचा उपयोग शून्य. आणि लष्करालाही हिमस्खलन चुकत नाही. जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरमधल्याच गुरेझला बर्फाखाली गेलेल्या जवानांमध्ये आपल्या महाराष्ट्रातले जवानही होते.

मुलाबाळांना घेऊन बर्फ पाहायला जाणाऱ्यांनी हे वाचून बेत रद्द करू नये. गुलमर्गच्या मैदानात, कोंगडोरीच्या आखलेल्या भागात, दोरीच्या आत फिरणाऱ्यांसाठी हा धोका फार कमी आहे. स्कीइंगचा पहिला कोर्स करणाऱ्यांचे धडेही गुलमर्गच्या सौम्य उतारांवरच होतात. प्रश्न त्यापुढे पाऊल टाकणाऱ्यांचा आहे. त्यांनी आदल्या संध्याकाळी बारामुल्लाचा इशारा वाचावा, सकाळी स्की पेट्रोलला कोणता भाग बंद आहे ते विचारावं, आणि गाईड ठरवताना भाव विचारण्याआधी त्याच्याकडे बीकन आहे का आणि या आठवड्यात त्याने बर्फात खड्डा खणून पाहिला आहे का, हे विचारावं. उत्तर अडखळत आलं तर दुसरा गाईड शोधावा. मोठा झंझावात येऊन गेला असेल तर पहिले दोन दिवस कोंगडोरीच्या खालच्या झाडीतल्या सौम्य उतारांवर काढावेत. ताजा बर्फ तिथेही तेवढाच मऊ असतो.