अँबेसिडरचं बोअर

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे हेडमधून पाणी आणि निळा म्हणजे रिंगा गेल्या, गाडी ऑइल पिऊन रायली. एवढं ज्ञान दर्यापूर तालुक्यात शेंबड्या पोरालाही असतं. मला नव्हतं. आमच्या गाडीमागून येणारे लोक नाकाला दुपट्टा का लावतात, याचं खापर मी दोन वर्षं रस्त्याच्या धुळीवर फोडत होतो.

गाडी बाबांची. १९८४ची अँबेसिडर, मार्क फोर. सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीतला चुकारा एका वर्षी चक्क वेळेवर आला, त्या चमत्काराची आठवण म्हणून बाबांनी ती सेकंडहँड घेतली होती. उत्तरपाड्याच्या कारखान्यानं २०१४ साली अँबेसिडर बनवणं बंद केलं. आमच्या आईनं मात्र दर दसऱ्याला तिला हळदकुंकू लावणं बंद केलं नाही. देवाची कृपा असेलच, पण रेडिएटरला आम्ही पाजलं बोअरचं पाणी, आणि गाव आमचं खारपाणपट्ट्यातलं. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, ते रेडिएटरच्या नळ्यांनी तरी कसं पचवावं? खार बसून नळ्या चोंदल्या, गाडी तापत गेली आणि एक दिवस मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "भाऊ, इंजन काम मागून रायलं. उतरवा लागते. दोन घंट्याचं काम हाय."

मिस्त्रीचे दोन घंटे आणि कृषिपंपाच्या कनेक्शनचे पंधरा दिवस एकाच पंचांगातले असतात, हे मला माहीत होतं. तरी मी हो म्हणालो.

मे महिन्यातली सकाळ. अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीला चेनकुप्पी टांगली आणि त्या आवाजावर अर्धं गाव जमलं. शेजारचे काकाजी तर खुर्ची घेऊनच आले.

"काऊन उतरवता बा इंजन?" त्यांनी विचारलं. "शकुंतला रेल्वेचं इंजन मँचेस्टरहून आलं होतं. सत्तर वर्ष चाललं. कोणी उतरवलं काय?"

"काकाजी, १९९४ मध्ये ते काढून डिझेलचं लावलं ना."

"मंग? काढलं तं सीधं काढलं. खोलत नाई बसले."

मिस्त्रीनं बॉनेट उतरवलं, मग बॅटरी, रेडिएटर, कार्बोरेटर, सायलेन्सरचा पाइप. हे सगळं इतकं भराभर झालं की मी चहा सांगितला. तिथंच नजर लागली. अँबेसिडरचे नटबोल्ट इंचाच्या मापाचे, त्यांची भाषा सुताची. इंचाचे आठ सूत. साडेचार सुताचा पाना मिस्त्री दुकानात विसरला होता. आता साडेचार सूत म्हणजे १४.२९ मिलिमीटर. चौदाचा पाना बसत नाही आणि पंधराचा नुसताच गोल फिरतो. तरी मिस्त्रीच्या पोट्ट्यानं तो फिरवून पाहिलाच, आणि एका बोल्टचं षटकोनी डोकं सुपारीसारखं गोल करून ठेवलं. मग दर्यापूरला माणूस गेला. तो येईपर्यंत दोन घंटे संपले.

प्लगच्या वायरींचा क्रम विसरायला नको म्हणून मिस्त्रीनं ओसरीच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलं: १-३-४-२. संध्याकाळपर्यंत तो आकडा गावात चार जणांनी लावला, असं नंतर कळलं. काकाजींनी तर हळूच विचारलंही, "ओपन का क्लोज?"

गिअरबॉक्स जागेवरच ठेवायचा होता, म्हणून त्याच्याखाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा दिला. इंजन आणि गिअरबॉक्स जोडणारे वरचे बोल्ट अशा ठिकाणी असतात की बनवणाऱ्यानं माणसाच्या हाताला आणखी एक कोपर गृहीत धरलं असावं. पोट्ट्याचा हात तेवढा बारीक होता. बोल्ट निघाले, हात अडकला. तो साबणाचं पाणी ओतून काढला.

"आता ओढा!"

चेन कडकडली. फांदी कुरकुरली. इंजन किती वजनाचं, यावर मंडळींत वाद सुरू झाला. एक जण म्हणाला दीड क्विंटल, दुसरा म्हणाला दोन, आणि दोघंही हवेतच कापसाचे बोरे मोजू लागले. इंजन वर येऊ लागलं. लोक खूश. आई हात जोडून उभी. अजून थोडं वर. आणि मग काकाजी म्हणाले, "मिस्त्री, इंजनासंग गाडीबी उठून रायली ना बे."

खरंच. बंपर छातीला लागला होता. पुढची चाकं जमीन सोडायच्या बेतात. बैलाला कासऱ्यानं ओढावं आणि त्यानं खुरं रोवावी, तशी गाडी इंजनाला धरून बसलेली.

"खालचा माउंटिंगचा नट काढला ना?" मिस्त्री.

"मले वाटलं तुम्ही काढला," पोट्टा.

चाळीस वर्षांचं ग्रीस आणि काळी माती यांच्या लाडवात तो नट सुखानं झोपला होता. चेन ढिली केली, नट काढला. मग दोघांनी इंजन पुढं ओढत हलवलं, डुलवलं, शिव्या दिल्या, तेव्हा गिअरचा शाफ्ट क्लचप्लेटमधून खट्‌कन सुटला आणि १४८९ सीसीचं ते धूड निंबाखाली झोके घेऊ लागलं. आणि गाडीनं काय करावं? जू उतरल्यावर बैल मान झटकतो तशी पुढून चार बोटं वर उठली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी खाली वाकून बोल्ट वेचत होतो.

बोल्ट वेचायला भांडी आईचीच. इनलेटचे कुंकवाच्या करंड्यात, हेडचे पुरणाच्या पातेल्यात, बाकीचे जर्मनच्या गंजात. त्या रात्री बायकोनं वरणात पळी फिरवली तर काहीतरी वाजलं. "काऊन हो, हे वायसर तुमचं हाय का कुकरचं?" तिनं विचारलं. आम्ही दोघांनी ते दिव्याखाली धरून पाहिलं. अजून ठरलेलं नाही.

इंजन खोललं तर सिलिंडर वरच्या बाजूला घासून लंबगोल झालेले; बोट फिरवलं की काठ लागत होता. अमरावतीच्या लेथवाल्यानं सांगितलं, पहिलंच काम आहे, सिलिंडर आतून तासून २० थाऊचं बोअर करून भागते, पिस्टन तेवढ्या ओव्हरसाइझचे टाकू. मी घरी येऊन आईला सांगितलं, "चार बोअर करा लागते." आईनं चक्कीवर दळण टाकताना तेच सांगितलं. पुढचं मला काही सांगावं लागलं नाही. दोन दिवसांत तीन माणसं येऊन नारळ फिरवून अंगणातलं पाणी पाहून गेली. एकाच्या हातात नारळ उभा राहिला, तोही बरोबर जिथं इंजन टायरवर ठेवलं होतं तिथंच.

काल रात्री बोअरच्या मशीनवाल्याचा फोन आला.

"भाऊ, चार बोअर मारायचे हायेत म्हणे तुमच्याइकडं. किती फुटावर जायचं?"

"फूट कायचे? २० थाऊ."

"थाऊ म्हणजे?"

"इंचाचे हजार भाग केले, तं त्यातले वीस."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही.

"एवढ्या वरचं पाणी खारंच असन, भाऊ."