इंग्लंडच्या जुन्या शेतघरांतल्या तुळया जहाजांच्या नाहीत

‘इंग्लंडमधल्या जुन्या शेतघरांच्या तुळया मोडलेल्या जहाजांच्या आहेत, रिकाम्या खाचा, वाकडी लाकडं आणि काळा रंग हाच पुरावा’ असा मजकूर फोटोंसकट सगळीकडे फिरतोय. काही जण थेट १५८८ मध्ये इंग्लंडवर चालून आलेल्या स्पॅनिश आरमाराचं नाव घेतात. त्या आरमाराची जहाजं फुटली ती मुख्यतः आयर्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यांवर. तिथून जड लाकडं आग्नेय इंग्लंडमधल्या केंटच्या शेतात कोण आणि कशाला ओढत नेईल? ओकचं झाड तर बांधावरच उभं होतं.

आधी खाचांचं बघू. तुळईच्या खालच्या अंगाला ओळीने गोल भोकं असतील, तर तिथे कुडाची भिंत होती. काठीचं एक टोक वरच्या भोकात घालायचं, दुसरं खालच्या आडव्या लाकडातल्या चरात सरकवून बसवायचं. मग हेझल या झुडपाच्या लवचिक फांद्या विणून त्यावर माती, शेण आणि पेंढ्याचं लिंपण. भिंत पाडली, भोकं राहिली. भोकं शंकरपाळ्याच्या आकाराची असतील, तर तिथे बिनकाचेची खिडकी होती; त्यात लाकडी गज बसत. लाकूड दुसऱ्यांदा वापरलेलंही सापडतं, पण ते बहुधा आसपासच्या पाडलेल्या घराचं किंवा कोठाराचं.

वाकडेपणाचं कारण सोपं आहे. वाळलेला ओक फार कठीण होतो, म्हणून सुतार तो ओलाच तासून जोडत. घर उभं राहिल्यावर लाकूड आकसतं, पिळतं. सांधा सैल पडू नये म्हणून कुसवातलं, म्हणजे खोबणीत बसणाऱ्या टोकातलं, भोक खोबणीतल्या भोकापासून काही मिलिमीटर सरकवून पाडत. खुंटी ठोकली की सांधा आवळला जातो. पश्चिम आणि उत्तर इंग्लंडात तर मुद्दाम वाकडं झाड निवडून उभं चिरत आणि त्याची दोन जुळी अर्धी समोरासमोर उभी करून छत पेलत. जहाजाच्या जाड लाकडांत लोखंडी बोल्टही असत, आणि ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे लोखंडाभोवती निळे-काळे डाग पडतात. ते डाग आहेत का, हे आधी बघा.

आतला काळेपणा धुराचा. केंटमधलं ‘बे-लीफ’ हे पंधराव्या शतकातलं शेतघर आता ससेक्समध्ये सिंगलटनच्या संग्रहालयात पुन्हा उभारलंय. त्याच्या दिवाणखान्याला माळा नाही. चूल जमिनीवर मधोमध, धूर थेट छताला. बाहेरचा काळा रंग बहुतेक ठिकाणी एकोणिसाव्या शतकातली हौस.

जहाजाचं लाकूड वापरलेली इमारत आहेच: हॅम्पशायरमध्ये विकम इथली, १८२० ची चेसापीक पाणचक्की. १८१३ मध्ये ब्रिटिशांनी पकडलेल्या ‘चेसापीक’ या अमेरिकन युद्धनौकेची लाकडं तिच्यात आहेत. पण ती चक्की आहे, आणि पोर्ट्समथच्या गोदीपासून जवळ.